पानाआडचं अंतर

मैदानाच्या भिंतीवर एक कावळा बसला होता. मी एक डोळा मिटून त्याच्याकडे बघत होते. बोटाखालचं बटण दाबलं आणि कावळ्याच्या पायाशी लाल आकडा उमटला. छत्तीस.

"आला का आकडा?" अन्वरभाईंनी विचारलं.

"आला. छत्तीस मीटर."

"मग झालं. पॅक करू?"

"थांबा. टेप आहे ना तुमच्याकडे?"

अन्वरभाईंचं धुळ्यातलं दुकान सर्व्हेच्या सामानाचं. टेप, लेव्हल, दुर्बिणी, सगळं मिळतं. त्यांनी टेपचं एक टोक दुकानाच्या पायरीवर धरलं आणि मी दुसरं टोक घेऊन रस्ता ओलांडला. एक रिक्षावाला थांबून बघत राहिला. कावळा उडून गेला. भिंतीपर्यंत टेप ताणली तर तेहेतीस मीटरही पुरते भरत नव्हते.

छत्तीस आणि तेहेतीस. यंत्र चुकीचं आहे असं मला वाटलं. अन्वरभाईंनी माहितीपत्रक उलटंपालटं केलं, बटण दाबून धरलं, आणि आकड्याशेजारचं बारीक अक्षर बदललं.

"यार्डावर होतं, मॅडम. परदेशातला माल. आता मीटरवर केलं."

मी परत पायरीवर आले, परत बघितलं. तेहेतीस. माझ्या कामात हा तीन मीटरचा फरक म्हणजे काय, ते आधी सांगते.

मी जनावरांची डॉक्टर. गाई-म्हशींपासून सुरुवात केली, पण गेली बरीच वर्षं जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत वनखात्यासोबत जंगली जनावरांचं काम करते. विहिरीत पडलेला कोल्हा, कुंपणात अडकलेली नीलगाय, आणि बिबट्या. बिबट्याला हात लावायचा तर आधी त्याला झोपवावं लागतं. त्यासाठी डार्ट गन असते. डार्ट म्हणजे उडतं इंजेक्शन. बंदुकीसारखीच नळी, पण आत दारू नाही, दाबलेला वायू. वायूचा दाब किती ठेवायचा हे जनावर किती लांब आहे त्यावर ठरतं. दाब कमी पडला तर डार्ट जनावराच्या अलीकडे मातीत पडतो. जास्त झाला तर सुई मांसात थांबत नाही, हाड मोडू शकते. म्हणून अंतर हवं, आणि ते अंदाजाने नको.

अंतर मोजणाऱ्या या यंत्राला रेंजफाइंडर म्हणतात. मुठीत मावणारी एकडोळी दुर्बीण. बटण दाबलं की डोळ्याला न दिसणारा लेझरचा किरण निघतो, समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो, आणि जाण्यायेण्याला लागलेल्या वेळावरून यंत्र अंतर सांगतं. डोळ्याला अपाय होत नाही, ना आपल्या ना जनावराच्या. आमच्याकडे नवी डार्ट गन आली होती, पण रेंजफाइंडर नव्हता. आणि नेमकं तेव्हाच शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, आधार नाना नावाच्या शेतकऱ्याच्या केळीच्या बागेत एक मादी बिबट्या येऊन राहिली होती. तिच्या गळ्यात तार होती.

रानडुकरांसाठी कुणीतरी फास लावला असणार. तिने हिसका मारून तार तोडली, पण फास गळ्यातच राहिला. वनरक्षकाने काढलेल्या फोटोत मान सुजलेली दिसत होती. पिंजरा लावून झाला होता. ती पिंजऱ्याभोवती फिरून जायची, आत जायची नाही.

"मॅडम, घ्यायचंच आहे तर चांगलं घ्या," देवरे साहेब फोनवर म्हणाले होते. ते आमचे अधिकारी. "हजार, दीड हजार मीटरवाला येतो म्हणे. पुन्हा पुन्हा खरेदी होत नाही."

"साहेब, मी तिला दीड हजार मीटरवरून इंजेक्शन देणार नाही."

"तरी पण. लांबचं दिसलेलं बरं."

अन्वरभाईंनी काउंटरवर तीन यंत्रं मांडली होती. एक साहेबांच्या मनातलं, मोठं, दीड हजार मीटरचं. दुसरं गोल्फ खेळणाऱ्यांचं, छोटं आणि देखणं. तिसरं, कावळा ज्यातून बघितला ते, शिकारीसाठी बनवलेलं. त्याच्या खोक्यावर शिंगवाल्या हरणाचं चित्र होतं.

"आपल्याकडे शिकारीला बंदी," अन्वरभाई म्हणाले. "म्हणून हे असंच पडून आहे. डोंगरात फिरणारा एखादा हौशी बघून जातो."

"गोल्फचं आणि शिकारीचं यात फरक काय?"

"पुस्तकात लिहिलंय ते सांगतो. गोल्फवाल्याला पुढचा झेंडा हवा, मागची झाडं नकोत. म्हणून ते सगळ्यात जवळची वस्तू धरतं. शिकारीवाल्याचं उलटं. त्याला पुढचं गवत नको, मागचं जनावर हवं. हे सगळ्यात लांबची वस्तू धरतं. खरं किती, खोटं किती, ते तुम्हीच बघा."

मी तिन्ही यंत्रं हातात घेऊन बघत राहिले. अन्वरभाई म्हणाले, "तिन्ही घेऊन जा, मॅडम. वापरून बघा. दोन परत आणा."

धुळ्याहून शिरपूरकडे जीप निघाली. थंडीचे दिवस होते, ऊन कोवळं होतं. मी मागच्या सीटवर बसून दिसेल ते मोजत होते. कापसाने भरलेला ट्रॅक्टर, ढाब्याची पाटी, विजेचा खांब, खांबावरचा भारद्वाज. सगळ्या गोष्टी त्या गोल भिंगात आल्या की एकदम जवळ यायच्या आणि मुक्या व्हायच्या. हायवेचा आवाज कुठेतरी मागे राहायचा. सोनगीरला जीप चहाला थांबली तेव्हा मी किल्ल्याकडे बघितलं. वरच्या तटावर एक बाई डोक्यावर काहीतरी घेऊन चालली होती. बटण दाबलं. आकडा आला आणि ती तटामागे गेली. तो आकडा काय होता ते आठवत नाही, बाई आठवते. तिच्या लुगड्याचा रंग आठवतो.

"मॅडम, चहा थंड होतोय," पावरा म्हणाला. पावरा त्या भागाचा वनरक्षक. गळ्यातल्या तारेचा फोटो त्यानेच काढला होता.

आधार नानांचं शेत गावाच्या टोकाला, नाल्याकाठी. केळीच्या बागेत पहिल्यांदा जाणाऱ्याला ती जागा पाण्याखालची वाटते. वर पानांचं छत, आत हिरवट उजेड, चालताना पायाखाली आवाज नाही. पुढचं चार पावलांवरचं दिसत नाही. आणि या सगळ्यात ती कुठेतरी असते, हे माहीत असतं.

"ती आठेच शे, डॉक्टरताई," नाना म्हणाले. ते सत्तरीकडे झुकलेले, अंगात स्वेटर, डोक्याला मफलर. "रोज सकाळले पानी पेवाले येस. तिना गयामा तार शे."

आठे म्हणजे इथे, गया म्हणजे गळा. नानांनी स्वतःच्या गळ्याला हात लावून दाखवला.

नानांचा माल कापणीला आला होता. घड उतरवणारे मजूर बागेत शिरायला तयार नव्हते, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. गावातली काही मंडळी म्हणत होती, फटाके लावा, डबे वाजवा, हाकलून द्या. जखमी बिबट्या घाबरून गावात घुसला तर काय होतं ते मी बघितलेलं आहे. मी त्यांना दोन-चार दिवस मागून घेतले. नागपूरहून, वनखात्याच्या मुख्य कार्यालयातून, तिला बेशुद्ध करण्याची परवानगी यायची होती. तोवर मला यंत्र ठरवायचं होतं.

वेणू अक्का, नानांची बायको, दारात उभी राहून आमचं काम बघत होती. मी तिच्याकडून एक रिकामं पोतं मागितलं. पावराने त्यात वाळकी पानं भरली, पोतं बागेच्या कडेच्या ओळींत, थोड्या अंतरावर दोन केळींच्या मधे टांगलं. बिबट्याच्या खांद्याइतकं उंच. मग मी टेपने अंतर मोजलं. एकवीस मीटर. आणि बागेच्या कडेला बसून एकेक यंत्र डोळ्याला लावलं.

मोठ्या यंत्राने आधी काही दाखवलंच नाही. मग तेवीस दाखवलं, मग एकोणीस. ते लांबच्या डोंगरासाठी बनलेलं होतं. जवळचं त्याला धड मोजता येत नव्हतं. वजनाने हातही थरथरायला लागला. गोल्फवाल्याने लगेच उत्तर दिलं. चार. पुन्हा दाबलं. चार. माझ्यापुढे चार मीटरवर एक फाटकं पान लोंबत होतं, तेच ते मोजत होतं. शिवाय त्याचे आकडे काळे. केळीच्या सावलीत काळ्यावर काळं, डोळे ताणून वाचावे लागत होते.

तिसरं घेतलं. पानांच्या फटीतून पोत्याचा तुकडा दिसत होता, तो मधोमध धरला. लाल आकडा आला. एकवीस. थोडं सरकून दुसऱ्या फटीतून बघितलं. एकवीस. किरण पानातून आरपार जात नाही, हे लक्षात ठेवायला हवं. पूर्ण पान आड आलं की हेही पानच मोजायचं. पण फट असली, आणि किरणाचा काही भाग पानावर, काही पोत्यावर पडला, तर हे पान सोडून देऊन पोत्याचं अंतर सांगत होतं. मला एवढंच हवं होतं.

साहेबांना फोन लावला.

"तिसरं घेतेय, साहेब. शिकारीचं."

"खोक्यावर काय लिहिलंय?"

"हंटिंग. आणि हरणाचं चित्र आहे."

"मॅडम, वनखात्याच्या खरेदीत शिकारीचं सामान. ऑडिटवाले आले की मी काय सांगू?"

"सांगा, पानामागचं जनावर शिकाऱ्यालाही बघायचं असतं आणि मलाही."

ते हसले. "टिपणी तुम्ही लिहा. सही मी करतो."

अक्काने जेवायला बसवलं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी, वांग्याचं भरीत, कांद्याची पात. जेवताना तिने ते यंत्र हातात घेऊन डोळ्याला लावलं, उलट्या बाजूने. मी सरळ करून दिलं. ती उंबऱ्यातून नाल्याकडे बघत राहिली.

"इतली जोडे दिसस," ती म्हणाली. इतकं जवळ दिसतं. मग हळूच विचारलं, "तिले दुखाव नही ना?"

"सुई टोचेल तेवढंच, अक्का."

परवानगी आली. डार्ट मारायच्या आदल्या दुपारी मी मोटारीच्या खोलीत जाऊन बसले. विहिरीची मोटार असते ती छोटी खोली, तिला बागेच्या बाजूने खिडकी होती. ठिबकच्या व्हॉल्व्हमधून तिथे पाणी गळायचं, त्याचं डबकं झालं होतं, आणि ती रोज सकाळी तिथेच यायची. मी खिडकीतून समोरची प्रत्येक खूण मोजली. तोडलेल्या केळीचा बुंधा, एकोणीस. व्हॉल्व्हचा पांढरा पाइप, चोवीस. वाळक्या पानांचा ढीग, एकतीस. मोजायची तशी गरज नव्हती, यंत्र सकाळी हातात असणारच होतं. पण ऊन पानांतून गाळून येत होतं, एक फुलपाखरू त्या डबक्यावर बसत होतं, उठत होतं, आणि मला तिथून हलावंसं वाटत नव्हतं. म्हणून मोजत बसले. पावराने खडूने ते आकडे खिडकीच्या चौकटीवर लिहिले.

सकाळी धुकं पडलं.

तापीच्या बाजूने धुकं येतं तेव्हा या भागात सगळं पांढरं होऊन जातं. उजाडलं होतं, पण केळी दिसत नव्हत्या, केळींच्या जागी नुसते राखाडी उंच आकार उभे होते. पानांवरून थेंब पडत होते, तेवढाच आवाज. खिडकीत मी आणि पावरा. गन भरून तयार, फक्त दाब लावायचा बाकी. थंडीने माझी बोटं बधिर झाली होती. असं वाटत होतं की आपण अजून झोपेतच आहोत आणि ही खोली, ही खिडकी सगळं मिटलेल्या डोळ्यांतलं आहे.

मग त्या पांढऱ्यात एक आकार हलला. ती कधी आली ते कळलंच नाही. नव्हती, आणि मग होती. मान वाकडी धरून, सावकाश, म्हाताऱ्या माणसासारखी चालत ती डबक्यापाशी आली आणि खाली बसली. पाणी प्यायला तिला मान नीट वाकवता येत नव्हती. जिभेने थोडं घ्यायची, थांबायची.

मी यंत्र लावलं. सहा. पुन्हा. नऊ. पुन्हा. नुसत्या रेघा.

यंत्र बिघडलं नव्हतं. धुक्याचे कण किरण परत फेकत होते. पानं सोडून मागचं बघणाऱ्या यंत्राला धुकं काही सोडता येत नव्हतं, ते सगळीकडेच होतं. धुकं विरेपर्यंत थांबावं तर ती पाणी पिऊन निघून जाणार. आणि त्या मानेकडे बघून तिच्याकडे आणखी किती सकाळी उरल्या असतील, हे मला सांगता येत नव्हतं.

"मॅडम," पावरा श्वासाच्या आवाजात म्हणाला आणि त्याने खिडकीच्या चौकटीकडे बोट केलं.

पांढरा पाइप धुक्यात पुसट दिसत होता. ती त्याच्या जराशी पलीकडे होती. मागचा पाय पाइपाला लागूनच. चोवीस, आणि थोडं. मी पंचविसाचा दाब लावला. यंत्र खाली ठेवलं. श्वास सोडला. मांडीवरचा मांसल भाग धरला आणि चाप ओढला.

फट्ट असा बारीक आवाज. ती उडाली, वळली, आणि धुक्यात गेली. पण डार्टची गुलाबी शेपटी मला तिच्या मांडीवर दिसली होती.

यानंतरचा वेळ सगळ्यात लांब असतो. पाठलाग करायचा नाही. औषध चढू द्यायचं. आवाज केला तर जनावर घाबरून लांब पळतं, आणि मग नाल्यात, पाण्यात तोंड घालून पडलं तर संपलं. आम्ही बसून राहिलो. थेंब पडत होते. मग उठलो, हळूहळू गेलो. ती वाळक्या पानांच्या ढिगाआड आडवी झाली होती, घरच्या मांजरीसारखी, पंजे एकावर एक.

डोळ्यांत मलम घातलं, वर कापड बांधलं. तार मोटरसायकलच्या ब्रेकची होती. कातडीत इतकी रुतली होती की कटर आत घालायला जागा नव्हती. जखम धुवत, केस कापत, इंच इंच करत तार मोकळी केली. शेवटी कट्‌ असा आवाज झाला आणि तिने बेशुद्धीतच एक मोठा श्वास घेतला. मीही घेतला. जखम वाईट होती, पण श्वासनळीपर्यंत गेली नव्हती. बरेच दिवस काम करणारं अँटिबायोटिक दिलं. मग तपासताना पोटावरून हात फिरवला आणि थांबले. स्तनांत दूध होतं.

तोवर देवरे साहेब पोचले होते. पिंजऱ्याची गाडी त्यांच्यासोबत होती.

"साहेब, हिला पिल्लं आहेत. इथेच कुठेतरी, नाल्यात."

"आदेश बचाव केंद्रात हलवण्याचा आहे, मॅडम."

"आदेशात 'आवश्यकता भासल्यास' असं आहे. माझ्या मते नाही भासत. तार निघाली, औषध दिलंय, जखम भरून येईल. पिल्लं मात्र हिच्याविना दोन दिवस काढणार नाहीत."

साहेब पिंजऱ्याकडे बघत राहिले, मग कुंपणाबाहेर जमलेल्या लोकांकडे. "आणि यांना काय सांगायचं? बिबट्या पकडला आणि परत सोडला?"

ते सांगायची वेळ आमच्यावर आली नाही. नाना कुंपणापाशी गेले होते. मफलर काढून हातात घेतला होता.

"पोरेसले सोडीसन ती कोठे जाई रे?" ते लोकांना म्हणाले. पोरांना सोडून ती जाणार कुठे. "मना बागमा शे ती. कापनी थांबली ती मनी थांबली. मी काही बोलस का?"

कुणीतरी म्हणालं, नाना, उद्या कुणाच्या अंगावर आली तर? पावराने सांगितलं की तो महिनाभर रोज पहाटे गस्त घालेल आणि नाल्यात कॅमेरे बसवेल. त्यानंतर बरीच बोलाचाली झाली. सगळ्यांना पटलं असं नाही. पण फटाके आणलेली मंडळी घरी गेली.

साहेब माझ्याकडे वळले. "लेखी मी देतो. तुम्ही फक्त ती उठेल याची खात्री द्या."

बेशुद्धी उतरवणारं उलटं इंजेक्शन दिलं आणि ती पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत दिवसभर पिंजऱ्यात सावलीला ठेवली. धुकं कधीच विरलं होतं. संध्याकाळी नाल्याच्या तोंडाशी पिंजरा नेला आणि दार वर ओढलं. आम्ही सगळे गाडीत, काचा बंद. नाना-अक्का मोटारीच्या खोलीच्या गच्चीवर.

ती लगेच निघाली नाही. दारात उभी राहून हवा हुंगली. मान सरळ होती. मग उतरली आणि नाल्याच्या वाळूतून चालायला लागली, पळाली नाही. मी यंत्र डोळ्याला लावलं. गोल भिंगात संध्याकाळचा तांबूस उजेड, मधे तिची पाठ. चाळीस. सत्तर. एकशेदहा. त्यानंतर मी बटण दाबलं नाही. नुसतं बघत राहिले.

पुढे कॅमेऱ्यात फोटो आला. तिच्या गळ्याभोवती केस नसलेला पट्टा आणि मागे दोन पिल्लं, एक दुसऱ्याची शेपटी धरून. नानांचा माल उतरला. मजुरांनी आधी थाळ्या वाजवल्या, मग बागेत शिरले.

अधूनमधून दुसऱ्या जिल्ह्यातल्या डॉक्टरांचे फोन येतात, रेंजफाइंडर कोणता घेऊ म्हणून. मी सांगते, किती लांबचं दिसतं ते विचारू नका, किती जवळचं नीट मोजतं ते विचारा. तुमच्या आणि जनावराच्या मधे काय असतं ते आठवा, गवत, पान, की कुंपण. आकडे सावलीत वाचून बघा. घेतल्याबरोबर यार्डाचं मीटर करा. आणि कामाच्या आदल्या दिवशी, ऊन असताना, समोरच्या चार खुणा मोजून लिहून ठेवा. धुकं विचारून पडत नाही.